गोळ्या कोण मोजणार?

वैतरणा नदीवर मुंबईची तहान भागवणारी तीन धरणे आहेत: 1957 चे मोडकसागर, 1973 चे अप्पर वैतरणा आणि 2014 चे मध्य वैतरणा. इगतपुरी, मोखाडा, शहापूरच्या डोंगरांत पडलेला पाऊस जलवाहिन्यांतून थेट मुंबईच्या नळाला येतो. त्या पाण्याचा मार्ग ठरलेला आहे. या डोंगरांपासून किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या पालघर जिल्ह्यातल्या आजारी माणसाला मात्र वाट दर खेपेला नव्याने शोधावी लागते. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात जे जमत नाही, त्यासाठी जव्हार-मोखाड्याचा रुग्ण नाशिकला जातो. तलासरी-डहाणूचा सिल्वासा नाहीतर वलसाड गाठतो. बोईसर-पालघरचा लोकल धरून मुंबईला येतो. वैतरणा आणि सफाळे स्थानकांच्या मध्ये खाडीने वेढलेल्या वाढीव-वैतीपाड्याचे लोक तर वर्षानुवर्षे रेल्वे पुलावरून, रुळांच्या कडेने चालत आले आहेत. गाडीचा भोंगा ऐकू आला की पुलाच्या कडेला अंग चोरून उभे राहायचे, गाडी गेली की पुढे निघायचे. तापाने फणफणलेल्या माणसालाही तीच वाट.

थोडक्यात, 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याचा रुग्ण उपचारासाठी दोन राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशात विखुरतो. आजार जुना आणि आयुष्यभराचा असेल, तर गाऱ्हाणे मांडायचे कोणापुढे? जिल्हा म्हणतो राज्याकडे जा, राज्य म्हणते ही केंद्राची योजना आहे. रुग्ण संघटनांना राष्ट्रीय पातळीवर एकत्र यावे लागते ते यासाठी. हे काम कसे होते आणि कुठे अडते, याचे महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण सिकलसेलचे आहे.

मोहिमेचे मोजमाप

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असे ठणकतात की धडधाकट तरुण अंथरूण धरतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला मलेरियाच्या घातक प्रकारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, म्हणून जुन्या मलेरियाच्या पट्ट्यांत हे जनुक टिकून राहिले. महाराष्ट्रात ते आदिवासींपुरते नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही ते आढळते. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमातल्या जिल्ह्यांत पालघरही आहे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. 17 राज्यांतल्या 278 जिल्ह्यांत, 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य. 2025 च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण सापडले. एवढ्या वेगाने तपासणी होणे ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारण्याचे कारण नाही.

पण तपासणीनंतर हातात कार्ड आलेल्या रुग्णाचे पुढचे प्रश्न वेगळे असतात. या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरिया औषधाची कॅप्सूल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळते का? कळा सुरू झाल्यावर रात्री रक्ताची पिशवी कुठे मिळेल? वेदनेवर जोरकस औषध द्यायला डॉक्टर कचरतो, त्याचे काय? आणि वाहक मुलीचे लग्न मोडले, तर समजूत घालायला कोण येणार? मोहिमेच्या ठळक आकड्यांत तपासण्या असतात, गोळ्या नसतात. जे मोजले जाते त्यालाच पैसा आणि माणसे मिळतात, हा सरकारी कामाचा साधा नियम आहे. काय मोजायचे हे बैठकीत ठरते आणि बैठकीचे निमंत्रण एकट्या रुग्णाला जात नाही.

विदर्भाचा धडा

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1980 च्या दशकात गडचिरोलीत सिकलसेलचे सर्वेक्षण केले. आजार मोठ्या प्रमाणावर आहे हे सिद्ध झाले, सरकारने सिकलसेल केंद्राची घोषणाही केली. लोकांनी मात्र सांगितले की ही आमची मागणी नव्हती. मग बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने लोकांना विचारून कामाची दिशा बदलली. तिकडे पुण्यात डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत सिकलसेलवर अनेक दशके संशोधन आणि उपचार केले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी पुढाकार डॉक्टरांचा होता.

चित्र बदलले ते रुग्ण आणि त्यांचे आई-बाप पुढे आले तेव्हा. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून हा प्रश्न रुग्णांच्या हक्काचा म्हणून लावून धरला. 2018 ची पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली. नागपूरचेच गौतम डोंगरे हे सिकलसेलग्रस्त मुलांचे वडील. ते नॅशनल अलायन्स ऑफ सिकल सेल ऑर्गनायझेशन्स, म्हणजे ‘नॅस्को’, या राष्ट्रीय महासंघाचे सचिव म्हणून ओळखले जातात. वेगवेगळ्या राज्यांतल्या लहान संघटना एका छत्राखाली आणायच्या आणि दिल्लीत एका आवाजात बोलायचे, हे नॅस्कोचे काम. 2020 मध्ये ॲम्स्टरडॅमला सिकलसेल संघटनांचा जागतिक महासंघ उभा राहिला. नॅस्को त्यातही आहे.

आधी चाललेल्या वाटा

हिमोफिलिया फेडरेशन 1983 पासून आहे. तिचे बळ शाखांत आहे, कारण रक्त गोठवणारे ‘फॅक्टर’ हे औषध मिळवायला रुग्ण शाखेत येतो आणि आला की सभासद होतो. सेवा आणि संघटन तिथे एकत्र वाढले.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी 1997 मध्ये चेन्नईत आपले राष्ट्रीय नेटवर्क काढले. एप्रिल 2004 मध्ये सरकारने एआरटी हा एचआयव्हीवरचा उपचार मोफत सुरू केला आणि औषधाची किंमत हा राष्ट्रीय प्रश्न झाला. 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या पेटंट कायद्यात, पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही हरकत घेता येते. 2006 मध्ये या नेटवर्कने मणिपूरच्या संघटनेसह कॉम्बिव्हिर या औषधावर हरकत घेतली आणि कंपनीने अर्ज मागे घेतला. तेच हत्यार पुढे मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी उचलले. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या, पण औषधाच्या दुष्परिणामाने श्रवणशक्ती गमावलेल्या नंदितांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्या औषधाचे पेटंट लांबवण्यास विरोध केला. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला.

दुर्मीळ आजारांची गोष्ट कोर्टातून पुढे सरकली. 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मीळ आजाराच्या एका मुलाच्या उपचारासाठीच्या याचिकेवर निकाल दिला. 2017 चे धोरण आले आणि गुंडाळले गेले, 2021 मध्ये नवे आले. त्यात 20 लाखांपर्यंत असलेली मदत 2022 मध्ये 50 लाखांपर्यंत गेली. मुंबईचे केईएम हे त्या धोरणातले एक उत्कृष्टता केंद्र आहे. पालकांच्या संघटना मागे नसत्या, तर हे प्रकरण एका निकालावरच थांबले असते.

खुर्ची आणि घटना

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहेत. या कायद्याच्या केंद्रीय सल्लागार मंडळावर दिव्यांगांच्या संस्था-संघटनांच्या प्रतिनिधींसाठी दहा जागा आहेत. त्यांत किमान पाच स्त्रिया आणि अनुसूचित जाती व जमातीची प्रत्येकी किमान एक व्यक्ती हवी. जिल्हा समितीचीही तरतूद आहे. म्हणजे कायद्याने खुर्ची ठेवलेली आहे. याच कायद्याने उच्च शिक्षणात राखीव जागा दिल्या, नोकरीच्या चार टक्के आरक्षणातून मात्र रक्ताच्या आजारांना वगळले. तिन्ही आजारांच्या संघटनांना एकत्र मागता येईल अशी ही मागणी आहे. असे समान मुद्दे निघाले की एका आजाराच्या महासंघापुढे जाऊन सर्व आजारांची शिखर संघटना उभारण्याला अर्थ येतो.

महासंघ बिघडतो कशाने? पहिले कारण पैसा. गोळ्या विकणारी कंपनीच संघटनेचे कार्यालय चालवत असेल, तर संघटना स्वस्त औषधासाठी भांडणार नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेबरोबर काम करायचे, तर रुग्ण संघटनेला आपला पैसा कुठून येतो हे उघड करावे लागते. तिथे दुर्मीळ आजारांच्या औषधांच्या समितीवर रुग्ण प्रतिनिधींना मतदानाचा हक्कही आहे. आपल्याकडे कायद्याने सक्ती होईपर्यंत थांबू नये. महासंघाच्या घटनेतच हे कलम असावे.

दुसरे कारण मत. इंग्रजी ईमेल लिहू शकणारा महानगरातला पालक आणि मोखाड्याच्या पाड्यावरची आई यांत बैठकीला कोण पोचते, हे सांगायला नको. रुग्ण, पालक आणि डॉक्टर यांच्या जागा वेगळ्या हव्यात, डॉक्टर सल्लागार असावेत, आणि रुग्ण ज्या जिल्ह्यांत जास्त आहेत तिथली मते मोजली जावीत.

पालघरने काय करावे

या भागाला मोजणीची सवय आहे. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख 2007 मध्ये महाराष्ट्रात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अविभाजित ठाणे होता. गावकऱ्यांनी सेवेला हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडायचा, अशी ती पद्धत. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या 1992 च्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनंतर जव्हारला मंत्र्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. महिन्यामागून महिना औषधाचा साठा तपासणारे लोक असले, की मात्र अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

तेव्हा सिकलसेलच्या रुग्णांनी तालुक्यातालुक्यांत तीन गोष्टी मोजाव्यात: आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया नसलेले दिवस, रक्तासाठी करावा लागलेला प्रवास आणि नव्या रुग्णाला पहिला उपचार मिळेपर्यंत गेलेला वेळ. हाच तक्ता नंदुरबार, अमरावती, गडचिरोलीने भरला, सिल्वासा आणि वलसाडनेही भरला, की महासंघाच्या हाती दिल्लीत टेबलावर ठेवायला काहीतरी ठोस येते.

संस्था नोंदवायला कायद्याने सात माणसे पुरतात. संस्था मरते ती नंतर. लेखापरीक्षण राहते, धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जात नाही, विश्वस्त बदलल्याची नोंद होत नाही आणि काही वर्षांत संघटना कागदावरूनही पुसली जाते. हा लेख वाचणाऱ्यांत सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, निवृत्त कारकून आणि शिक्षक आहेत. देणगी द्यायची तर जरूर द्या. पण त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या एका रुग्ण संघटनेचे हिशेब आणि कागदपत्रे वर्षभर विनामोबदला सांभाळायची तयारी दाखवा. रुग्णांच्या महासंघाला आज सर्वांत जास्त गरज त्याची आहे.