मोजायला सांगणारे आकडे

बायबलमधला नवा करार लिहिला गेला त्या काळातल्या ग्रीक लिखाणात अक्षरांवरच आकड्यांचं काम भागत असे. अल्फा म्हणजे 1, इओटा 10, ऱ्हो 100. त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज मांडता येई, आणि हा नाद केवळ धर्मपंडितांचा नव्हता. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणा प्रियकराने प्रेयसीच्या नावाऐवजी 545 एवढा आकडाच खरडून ठेवला आहे. अशा जगातल्या ग्रंथात प्रत्येक संख्येच्या पोटात काहीतरी दडलेलं असणारच, ही समजूत त्यातूनच रुजली. मला ती पटत नाही. संख्या हा आधी साधा शब्द असतो. त्याला चिन्ह ठरवायचं तर पुरावा त्या मजकुरातच सापडायला हवा.

नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायात श्वापदाची संख्या म्हणून दिलेल्या 666ला तो पुरावा आहे. लेखक वाचकाला चक्क हिशेब करायला सांगतो, आणि त्याचं क्रियापद मोजणीच्या खड्यावरून आलेलं आहे. ‘नेरोन कैसर’ हे रोमन सम्राट नीरोचं नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं की बेरीज 666 होते. लॅटिन वळणाने ‘नेरो’ म्हटलं की शेवटच्या ‘न’चे 50 गळतात आणि 616 उरतात. ऑक्सिऱ्हिंकसच्या एका पपायरसावर नेमका 616 आहे! यावर आक्षेप असा, की दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसला 616 हा पाठ माहीत होता, त्याने तो चुकीचा ठरवला, पण नीरोचं नाव काही त्याला सुचलं नाही. मात्र त्याने सुचवलेली नावं ग्रीक अक्षरांच्या बेरजेची होती. इथे किल्ली हिब्रूत आहे. दोन्ही पाठ एकाच नावाने उलगडतात, ही गोष्ट मला त्याच्या मौनापेक्षा वजनदार वाटते.

मत्तय मात्र बेरीज करायला सांगत नाही, तरी त्याने दिलेल्या येशूच्या वंशावळीतल्या चौदा-चौदा पिढ्यांमागे ‘दावीद’ या नावाची हिब्रू बेरीज (4, 6 आणि 4) पाहायची का? पाहावी, कारण चौदा जुळवण्यासाठी त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळले आहेत. कात्री लावून बसवलेली संख्या हीदेखील खूणच.

योहानाच्या 21व्या अध्यायातल्या 153 माशांना अशी खूण नाही. ऑगस्टीनने दाखवलं, की 1 ते 17 यांची बेरीज 153 होते, आणि 17 म्हणजे दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं. गणित बिनचूक आहे, पण त्या प्रसंगात 17 कुठे आहे? मग सरळ दीडशे का नाही म्हटलं, असं कुणी विचारेल. वाटणीसाठी मासळी मोजणाऱ्याचा आकडा गोल येत नसतो, आणि इतके मासे असूनही जाळं फाटलं नाही, हे आश्चर्य लेखकाने लगेच नोंदवलं आहे.

उरला शिष्य पेत्राने येशूला विचारलेला प्रश्न: क्षमा किती वेळा करायची? येशूच्या उत्तरातला ‘हेब्दोमेकोन्ताकिस हेप्ता’ हा प्रयोग सत्त्याहत्तर वेळा किंवा सत्तर गुणिले सात, दोन्ही प्रकारे वाचला जातो. पण उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरात हेच शब्द लामेखाच्या सूडासाठी आले आहेत, आणि तिथे मूळ हिब्रू आकडा 77 आहे. सूडाची संख्या इथे क्षमेला लावली आहे. अर्थ बेरजेतून येत नाही, त्या पडसादातून येतो. 490 अपराधांची वही घालून बसणारा माणूस आपल्याकडच्या ‘सतराशे साठ’ भानगडी एकेक करून मोजायलाही कमी करणार नाही.