कासवाच्या टबातलं पाणी

वऱ्हाडात सरपटणाऱ्या जिवाचं नाव निघालं की आधी दात आणि विष आठवतं. रात्री वावरात बॅटरी न्यायची, कुटाराला हात लावण्याआधी काठीने हलवून पाहायचं, हे लहानपणीच अंगवळणी पडतं. मग ज्याला विष नाही ते कासव आपोआप निर्धोक ठरतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू ॲक्वेरियमच्या दुकानातून पोरांसाठी घरी येतं. हे 'रेड-इअर्ड स्लायडर', मूळ अमेरिकेतलं.

अमरावतीत एका ओळखीच्या घरी त्याची साफसफाई पाहिली. टब स्वयंपाकघरात आणला, पाणी सिंकमध्ये ओतलं, कडेचा बुळबुळीत थर भांड्यांच्या घासणीने काढला. बाजूला ओट्यावर कोथिंबीर निवडून ठेवलेली होती. घर लख्ख, माणसं टापटिपीची. "काही नाही करत जी ते, किती गरीब जीव आहे," काकू कौतुकाने म्हणाल्या. कासव गरीब आहेच, पण त्याच्या पाण्याची मला काळजी वाटली.

कासव, सरडा, साप यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जिवाणू सहज राहतो आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. विष्ठेतून तो अधूनमधून बाहेर पडतो. म्हणून प्राणी तजेलदार दिसला, किंवा एखाद्या तपासणीत जिवाणू सापडला नाही, तरी खात्री देता येत नाही. कासव विष्ठा पाण्यातच करतं. तेच पाणी कवचाला, टबाला आणि आपल्या हातांना लागतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि कोमट पाण्यात हा जिवाणू झपाट्याने वाढतो. नळ काही दिवसांआड येत असला, की सगळ्यात आधी काटकसर होते ती टबाच्या पाण्यात.

लागण झाल्यावर 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत केव्हाही जुलाब, ताप, पोटात मुरडा सुरू होतो. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात मात्र जंतू रक्तात उतरू शकतो. टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण तो माणसाकडूनच माणसाला लागतो. कासवाकडून येणारे भाऊबंद वेगळे. लहान मुलं पिल्लू थेट तोंडाशी नेतात, म्हणून अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव आणूच नये. आधीच असेल तर टब स्वयंपाकघराबाहेर धुवावा, पाणी संडासात ओतावं, कासवाला ओट्यावर फिरू देऊ नये, त्याचा पापा घेऊ नये. हात लावल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. पाण्यात अँटिबायोटिक टाकू नये. त्याने जंतू संपत नाही, उलट औषधाला दाद न देणारा तयार होतो. जुलाब लागले तर घरात कासव आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. ते क्वचितच विचारतात.

भीती वाटली म्हणून कासव अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावात सोडू नका. परदेशी स्लायडर देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. आणि घरातलं कासव चांदणी पाठीचं किंवा आपल्या नदीतलं मऊ कवचाचं असेल, तर ते पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वन विभागाला 1926 वर कळवा.

काकूंना मी एवढंच सुचवलं: कासवासाठी वेगळ्या रंगाची घासणी आणा आणि ती टबालाच बांधून ठेवा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही लांबूनच कळलं पाहिजे, की ही कासवाची.