एकच गाणं, ढीगभर आवाज: कव्हर व्हर्जनमुळे गाणं मोठं कसं होतं?

यूट्यूबवर 'यू रेझ मी अप' सर्च करून बघा. बॉयबँड, चर्चमधला कॉयर, नुसतं व्हायोलिन, टॅलेंट शोमधली लहान मुलं... स्क्रोल करत राहा, यादी संपतच नाही. मग दोन प्रश्न पडतात. यातलं ओरिजिनल कुठलं? आणि हेच गाणं तुम्ही स्वतः गाऊन अपलोड केलं, तर कॉपीराइट क्लेम का येतो? आवाज तर तुमचा आहे ना!

गाण्याचा प्रवास

चाल नॉर्वेच्या रॉल्फ लोव्हलँडची, शब्द आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रॅहमचे. २००२ मध्ये 'सीक्रेट गार्डन'च्या अल्बममध्ये ते ब्रायन केनेडीने गायलं. पण जगभर पोचवलं ते इतरांनी. २००३ मध्ये अमेरिकेच्या जोश ग्रोबनने ते रेकॉर्ड केलं. फेब्रुवारी २००४ मध्ये सुपर बोलच्या मैदानावर त्याने हेच गाऊन कोलंबिया यानातल्या अंतराळवीरांना श्रद्धांजली वाहिली. आपल्या कल्पना चावला त्याच यानात होत्या. २००५ मध्ये वेस्टलाईफ या आयरिश बॉयबँडचं व्हर्जन ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं.

हेच गाणं का?

- गाण्यातला 'तू' कोण, हे सांगितलेलंच नाही. देव, आई, शिक्षक, मित्र, कोणीही चालतं. त्यामुळे लग्न, अंत्यविधी, निरोप समारंभ, सगळीकडे ते फिट बसतं.
- सुरुवात खालच्या सुरात आणि संथ, मग हळूहळू वर चढत जाणारी. नवीन गायकाला आवाज दाखवायला मस्त जागा मिळते.
- प्रत्येक गायक आपला श्रोता घेऊन येतो. एक कव्हर आवडलं की माणूस दुसरं शोधतो, ॲपही तसंच काहीतरी पुढे करतं.

एक गाणं, दोन हक्क

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे डेटाबेससारखं दिसतं. एका टेबलमध्ये 'रचना', म्हणजे शब्द आणि चाल. दुसऱ्यात 'रेकॉर्डिंग'. एका रचनेची कितीही रेकॉर्डिंग असू शकतात. संगीत उद्योगात खरोखरच असे दोन वेगळे कोड आहेत: रचनेला आयएसडब्ल्यूसी आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी. ग्रोबन आणि वेस्टलाईफ यांचे आयएसआरसी वेगळे, पण मूळ रचना एकच. म्हणून कव्हर कोणाचंही हिट होवो, रचनेच्या रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराकडे जातो.

मग तुमच्या व्हिडिओवर क्लेम का?

तुम्ही गायलात म्हणजे रेकॉर्डिंग तुमचं. रचना मात्र दुसऱ्याचीच राहते. यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टीम अपलोड झालेला आवाज हक्कदारांनी दिलेल्या फाइल्सशी ताडून बघते आणि नुसती चाल जुळली तरी ओळखू शकते. मग हक्कदार तीनपैकी एक पर्याय निवडतो: व्हिडिओ ब्लॉक करणे, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घेणे किंवा फक्त आकडेवारी बघणे.

घाबरू नका, असा क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही. बऱ्याचदा व्हिडिओ तसाच राहतो, फक्त कमाई दुसरीकडे जाते.

अपलोड करण्याआधी हे बघा

- डाउनलोड केलेला कराओके ट्रॅक हेही कोणाचं तरी रेकॉर्डिंगच असतं. तो वापरला तर दोन्ही हक्क मध्ये येतात. गिटार किंवा पेटी स्वतः वाजवली तर प्रश्न फक्त रचनेचा उरतो.
- 'क्रेडिट टू ओनर' लिहिणं चांगली सवय आहे, पण ती परवानगी नव्हे.
- कव्हर अधिकृतपणे विकायचं असेल, तर भारतीय कॉपीराइट कायद्यात कलम ३१-सी आहे. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात, हक्कदाराला आधी नोटीस द्यावी लागते आणि रॉयल्टी आगाऊ भरावी लागते.

थोडक्यात, कव्हर म्हणजे चोरी नाही. 'यू रेझ मी अप' आज जगभर माहीत आहे ते कव्हर्समुळेच. बिनधास्त गा, फक्त त्यातलं तुमचं काय आणि दुसऱ्याचं काय, हे ओळखून गा.