हॅलो… खर्रर्र… हॅलो!

२००५च्या जानेवारीत बीएसएनएलचं 'डेटावन' आलं, तेव्हा २५६ केबीपीएसलाही सरकारदरबारी ब्रॉडबँडच म्हणत. मोडेमसोबत काडेपेटीएवढी एक डबी यायची. स्प्लिटर! तिला वीज लागत नाही की पासवर्ड. म्हणूनच ती बिचारी कुणाच्या खिजगणतीत नसायची.

आपलं फोनवरचं बोलणं ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये उरकतं. डेटावनसारखं एडीएसएलचं इंटरनेट त्याच तारेवरून, पण २५ ते १,१०४ किलोहर्ट्झमध्ये धावतं. वाटा वेगळ्या, तरी खटका उडतोच. फोन येईल ते गिळतो आणि वरच्या लहरी कानात खरखर होऊन उतरतात. उलट रिसीव्हर उचलला किंवा घंटी वाजली, की लाइनचा नूर बदलतो आणि मोडेमचा दिवा लुकलुकू लागतो. डबीतली कॉइल आणि कपॅसिटर फोनकडे फक्त बोलणं सोडतात. युक्ती जुनीच: अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेलला अशा फिल्टरचं पेटंट १९१७ मध्येच मिळालं होतं.

खरा घोळ घालतो तो बेडरूममधला पॅरलल फोन. तो स्प्लिटरच्या आधीच लाइनला जोडलेला असेल, तर हॉलमधली डबी काय कामाची? ब्रिटनमध्ये म्हणूनच प्रत्येक फोनला, फॅक्सला वेगळा मायक्रोफिल्टर लावायची पद्धत पडली. काही उत्साही मंडळी तो मोडेमलाही लावत. म्हणजे इंटरनेटलाच दार बंद!

आता रेडिओ. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, मुंबईचं एक केंद्र १,०४४ वर. दोन्ही एडीएसएलच्याच पट्ट्यात. खांबावरून गेलेली लांब तार आपसूक एरियल होते. इथे डबी हात टेकते. मग मोडेमच शहाणपणा करतो: त्याच्याकडे सव्वाचार किलोहर्ट्झच्या आसपासचे २५६ कप्पे असतात, त्यातल्या गोंगाटाच्या कप्प्यांवर तो कमी माल लादतो.

वेल्समधल्या अबरहोसन गावात मात्र हेही पुरलं नाही. तब्बल दीड वर्ष रोज सकाळी सातला गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. केबल बदलून झाली, फरक शून्य. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर पहाटे सहाला भर पावसात यंत्र घेऊन गल्लोगल्ली फिरले. चोर निघाला एका घरातला, सातला लावताच लाइनमध्ये गोंगाट ओतणारा जुना टीव्ही! मालक ओशाळले आणि तो पुन्हा लावणार नाही, असं कबूल करून मोकळे झाले.