बाळाचे वजन झाले, आईचे काय?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुटायला अजून अवकाश असतो. मागच्या एखाद्या गल्लीत आशाताई शिरते. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर. सासूबाई कौतुकाने नातवाला पुढे करतात. झोळीत घालून वजन होते, ताप पाहिला जातो, कार्डावर नोंद होते. ‘‘भरलंय की चांगलं!’’ म्हणून सारे हसतात. आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली ओली बाळंतीण? तिच्याविषयी एकच वाक्य कानी येते, ‘‘लेकरू रडलं तरी उठत न्हाई बघा ताई. आमच्या वेळी असली थेरं न्हवती!’’

ही थेरं नव्हेत, हा आजार असू शकतो. आणि तो बराही होतो.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगीच रडू येते, चिडचिड होते. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. पण त्यानंतरही उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, ‘मी आई व्हायच्या लायकीचीच नाही’ असे सतत वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. कित्येकींना त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे झाले. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २३ टक्के आयांमध्ये हे नैराश्य आढळले. म्हणजे चार-पाच जणींमागे एक! गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी, या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. ही बाधा बाहेरची नव्हे, बरीचशी घरातलीच!

मग हे ओळखायचे कुणी? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक गल्लीत कुठून येणार? पण आशाताई मात्र येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली. २०११ पासून अशा गृहभेटी देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. सव्वा महिन्यात माहेरचे माणूस तरी सहा वेळा येते का?

‘‘पण ही काही डॉक्टर नव्हे,’’ असे कुणी म्हणेल. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत हाच प्रश्न तपासला गेला. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणजे आपल्या आशांच्या बहिणीच. त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर बायांकडे पाठवले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या आयांपैकी २३ टक्क्यांमध्ये नैराश्य उरले होते. ज्यांना नुसत्याच भेटी मिळाल्या, त्यांच्यात ५३ टक्के. हे २००८ मध्ये जगासमोर आले. यातली खुबी अशी, की त्या बाया ‘मनाच्या आजारा’चे नाव घेऊन घरात गेल्या नाहीत. ‘बाळ चांगले वाढावे म्हणून आलो’ असे म्हटले, आणि सासूही सोबतीला बसली! पुढे गोव्यात शेजारपाजारच्याच सामान्य बायांनी ‘सखी’ होऊन हे काम केले. तिथला फरक माफक होता, पण बाया सावरल्या.

यात जादू नाही. बाळ पाहून झाले, की ताईने घटकाभर आईजवळ एकटीने बसायचे. ‘‘तुझं कसं चाललंय गं?’’ असे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. उपदेशाची घाई नको. ‘मी वाईट आई’ हा विचार खरा आहे का, ते तिच्यासोबत तपासायचे. उद्या अंघोळ करून दारात दहा मिनिटे बसायचे, एवढेच ठरवायचे. रात्री बाळ कोण घेणार, हे नवऱ्यासमोर बोलायचे. मात्र ती मरणाची भाषा करू लागली, भास होऊ लागले किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तिला एकटे सोडायचे नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

पण हे सारे आशाताईच्या पिशवीत आणखी एक ओझे म्हणून कोंबले, तर फसेल. त्या सगळ्या गृहभेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये, असा तिचा मोबदला त्या योजनेत ठरला होता. ऐकून घेण्याला वेळ लागतो, शिक्षण लागते आणि अडल्यास विचारायला जाणते माणूस लागते. ते देणे सरकारचे आणि महापालिकेचे काम.

आपलेही एक काम आहे. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला काजळ, यांत आपण कमी करत नाही. आता पुढच्या वेळी आशाताई दारात आली, की बाळ तिच्या हाती द्यावे, वजन करून घ्यावे, आणि मग बाळाला घेऊन सासूबाईंनी थोडा वेळ बाहेरच्या खोलीत बसावे. आतल्या दोघींना बोलू द्यावे.