सहा व्होल्टचा ट्रक

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची रसद वाहण्याचे बरेचसे काम जीएमसी बनावटीच्या 'सीसीकेडब्ल्यू' या अडीच टनी ट्रकने केले. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. १९४४ साली फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या फौजांमागे ते धावले, तसेच आपल्या आसामातील लेडोपासून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरही धावले. अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळी आजही असे ट्रक विकत घेतात आणि चालते ठेवतात.

नवा मालक घरी आणतो तो ट्रक बहुधा नुकताच हिरवा रंग दिलेला, देखणा असतो. आणि पहिली तक्रार ठरलेली. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण स्टार्टर दाबला की इंजिन 'घर्र' करून अर्धा फेरा फिरते आणि थांबते. मालक बॅटरी बदलतो. फरक पडत नाही. मग स्टार्टर खोलतो. तोही ठीक निघतो. दिवे लागतात त्याअर्थी वीज येते आहे, मग बिघाड आहे तरी कुठे?

आजच्या मोटारीत १२ व्होल्टची बॅटरी असते, या ट्रकमध्ये ६ व्होल्टची. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर आणि विद्युतधारा यांचा गुणाकार, हे आपण शाळेत शिकवतो. विभवांतर निम्मे असेल तर तेवढ्याच कामासाठी धारा दुप्पट लागते. समजा, १२ व्होल्टच्या स्टार्टरला १०० अँपिअर लागतात. तर ६ व्होल्टच्या स्टार्टरला २०० लागतील. आता बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेवर एखादा सांधा गंजला आणि तेथे ०.०१ ओहम एवढा रोध आला. ओहमच्या नियमाने या सांध्यावर २०० × ०.०१ म्हणजे २ व्होल्ट खर्ची पडतात. सहातले दोन गेले! १२ व्होल्टच्या गाडीत त्याच सांध्यावर १ व्होल्ट जाईल, म्हणजे बारावा हिस्सा. (रोध वाढला की धाराही थोडी घटते, पण मुद्दा कळायला एवढा हिशेब पुरे.)

दिव्यांना मात्र काहीच का होत नाही? त्यांना जेमतेम ५ अँपिअर लागतात. त्याच सांध्यावर त्यांचे ०.०५ व्होल्ट जातात, ते डोळ्यांना कळतही नाहीत. म्हणजे 'दिवे लागतात' ही साक्ष स्टार्टरच्या बाबतीत निरुपयोगी आहे. ओहममीटरही येथे फसवतो. तो अगदी थोडी धारा सोडून रोध मोजतो आणि त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच ०.०१ ओहमपेक्षा जास्त असतो. दोष शोधायचा तो पूर्ण धारा वाहत असतानाच.

त्यासाठी साधा व्होल्टमीटर पुरतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इग्निशन बंद ठेवावे. मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या केबलच्या चिमट्यावर टेकवावी. मग दुसऱ्याने क्षणभर स्टार्टर दाबावा. सांधा चांगला असेल तर काटा जवळजवळ हलत नाही. असेच पुढच्या सांध्यावर आणि शेवटी बॅटरीची ऋण खुंटी व इंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये मोजावे. काटा जेथे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखवील, तेथे चोर सापडला. हात लावूनही कळते, कारण वरच्या उदाहरणातला सांधा ४०० वॅटच्या शेगडीसारखा तापत असतो.

हा चोर पुष्कळदा नव्या रंगाखाली असतो. परतीची तार म्हणून ट्रकची लोखंडी चौकटच वापरलेली असते. हौसेने सगळीकडे रंग फवारताना अर्थिंगच्या पट्टीखालची जागाही रंगते, आणि रंग विजेचा वाहक नाही. तेवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासून पट्टी आवळावी, मग वरून ग्रीस लावावे. केबलही तपासावी. १२ व्होल्टच्या मोटारीसाठी मिळणारी केबल येथे बारीक पडते. विजेचा तेवढाच हिस्सा वाया जायला हवा असेल, तर ६ व्होल्टला चौपट जाडीचे, म्हणजे चौपट छेदाचे तांबे लागते. का, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.

पेट्रोलच्या तक्रारी सोप्या असतात. दहा मिनिटे चालून इंजिन बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, असे झाले तर आधी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. तोंड घट्ट धरून बाटलीतले सरबत नळीने ओढून पाहा! पंपातला पातळ पडदाही पाहावा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते; ते जुन्या रबराला मानवत नाही. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या तेलात उतरते. तेलाच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर इंजिन अजिबात सुरू करू नये.

इंजिनबद्दल एवढे लिहिले, पण कामाच्या क्रमात ब्रेक पहिले. उत्साहात नेमके उलटे होते, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. रिकामा ट्रकच सुमारे ५ टनांचा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने त्याची गतिज ऊर्जा १० लाख ज्यूल होते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णतेच्या रूपात रिचवावी लागते. आजच्या मोटारीत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. या ट्रकमध्ये एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की सगळ्या चाकांचे ब्रेक जातात. हँडब्रेक चाकांवर नसून मागे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर आहे. तो उभा ट्रक धरून ठेवण्यासाठी आहे, धावता थांबवण्यासाठी नव्हे.

पेडल बरेच काही सांगते. ते स्पंजासारखे लागले तर तेलात हवा शिरली आहे, कारण द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पाय तसाच दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर तेल कुठेतरी गळते आहे किंवा मुख्य सिलिंडरचे रबर निकामी झाले आहे. ब्रेकचे सामान्य तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रकारच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० आहे. उतारावर ब्रेक तापले की असे तेल उकळते, वाफ होते आणि पेडल तळाला जाते. शिवाय त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतात. म्हणून कित्येक वर्षे उभ्या राहिलेल्या ट्रकचे तेल काढून टाकावे, सगळे सिलिंडर उघडून पाहावेत आणि रबरे नवी घालावीत.

नंतर पेडल दोन-तीन मिनिटे जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून ओल दिसते का ते पाहावे. पहिली फेरी सपाट, मोकळ्या मैदानात पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा चाकांखाली वाकून पाहावे.