हट्ट नव्हे, अडचण : विशेष मुलांना व्यवसायोपचाराचा आधार

रत्नागिरी : शिमग्याची पालखी दारात आली आणि ढोल घुमू लागला, की कोकणातील घराघरांतून मुले अंगणात धाव घेतात. त्याच वेळी एखादे मूल मात्र दोन्ही कान घट्ट दाबून माजघरात दडून बसते. दुसऱ्या एखाद्याला मऊ भाताचा घास तोंडात घेताच उमासा येतो. तिसऱ्याला तिसरीत गेल्यावरही सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. अशा मुलांच्या वाट्याला ‘हट्टी’, ‘आळशी’, ‘लाडावलेला’ ही विशेषणे येतात, कधी मारही. या वागण्यामागे मेंदूच्या विकासातील अडचण असू शकते, हे बहुधा उशिरा ध्यानात येते. अशा मुलांना रोजचे व्यवहार शक्य तितके स्वतः करता यावेत, यासाठी झटणारी उपचारशाखा म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

नावामुळे होणारा गैरसमज

‘व्यवसाय’ म्हटले की पोटापाण्याचा उद्योग डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो, ती सर्व कामे या शब्दात अभिप्रेत आहेत. लहान मुलाच्या बाबतीत जेवणे, दात घासणे, कपडे घालणे, खेळणे, वर्गात बसणे आणि लिहिणे हाच त्याचा ‘व्यवसाय’. फिजिओथेरपीचा मुख्य भर स्नायूंचे बळ आणि शरीराची हालचाल यांवर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्यापुढचा प्रश्न विचारतो : त्या हाताने मूल स्वतः जेवते का?

मनोरुग्णांना उपयुक्त कामात गुंतवून सावरण्याच्या कल्पनेतून या शास्त्राचा उगम झाला आणि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाने त्याला बळ मिळाले. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक ज्या गावात आहे, त्या रत्नागिरीला ही कल्पना अपरिचित वाटू नये. भारतात या शिक्षणाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर येथे स्थायिक झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. १९५२ साली जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. फलटण येथील ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांचेच नाव धारण करते.

संवेदनांचा मेळ

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये सर्वांना ठाऊक असतात. त्यांखेरीज शरीराचा तोल सांगणारी अंतर्कर्णातील यंत्रणा आणि हातपाय कोठे, कसे आहेत हे सांगणारी स्नायू-सांध्यांची जाण हीदेखील मेंदूला सतत माहिती पुरवीत असते. या माहितीचा मेळ घालूनच मूल जिना चढते किंवा पेन्सिलीवर बेताचा दाब देते. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी हा विचार मांडला आणि १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

हा मेळ बिघडला, की काही मुलांना साधी संवेदनाही असह्य होते. कपड्याचे लेबल टोचते, केस विंचरताना ती किंचाळतात, वाळूत पाय ठेवत नाहीत. काहींना याउलट संवेदना अपुरी पडते. ती सतत गिरक्या घेतात, भिंतीवर अंग आदळतात, समोरच्याला नकळत जोरात ढकलतात. स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांत अशी लक्षणे आढळतात. २०१३ सालापासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांत त्यांचा अंतर्भाव आहे.

उपचार चालतो कसा?

प्रथम तज्ज्ञ मुलाचे निरीक्षण करतो, पालकांशी बोलतो आणि शाळेतील अडचणी जाणून घेतो. त्यानंतर लहान, मोजता येईल असे उद्दिष्ट ठरते. ‘मूल सुधारावे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन महिन्यांत सदऱ्याची बटणे स्वतः लावावीत’ हे उद्दिष्ट. मग तीन बाजूंनी प्रयत्न होतो : मुलाचे कौशल्य वाढवणे, काम सोपे करणे आणि भोवतालची परिस्थिती बदलणे.

बटणाचेच उदाहरण घेता येईल. आईने बटण काजात अर्धे सरकवायचे आणि मुलाने ते केवळ ओढून घ्यायचे. शेवटची पायरी त्याच्या हातून पार पडल्याने काम फत्ते झाल्याचा आनंद त्याला मिळतो. मग एकेक पायरी मागे जात सारी कृती त्याच्याकडे सोपवली जाते. अक्षर वाईट येणाऱ्या मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत नाहीत ना, हे आधी पाहिले जाते. पायाखाली पाट ठेवणे किंवा जाड पेन्सिल देणे एवढ्यानेही काहींचे लेखन सुधारते. सेरेब्रल पाल्सीमुळे शरीराची एक बाजू दुर्बळ असलेल्या मुलाचा सबळ हात ठरावीक वेळ मोजात ठेवून दुर्बळ हाताला काम करण्यास प्रवृत्त केले जाते. मात्र हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. ढोलाच्या आवाजाने घाबरणाऱ्या मुलाला पालखी येण्याची पूर्वकल्पना देणे, कान झाकणारे हेडफोन देणे आणि दुरूनच पाहू देणे, हाही उपचाराचाच भाग होय.

घर हीच उपचारशाळा

केंद्रात आठवड्याचा एखादा तास मिळतो. उरलेला आठवडा मूल घरीच असते. त्यामुळे पालकांना शिकवणे हा या उपचाराचा कणा ठरतो. कोकणातील घरात त्यासाठी साधनांची वाण नाही. कणीक मळणे, फणसाच्या आठळ्या सोलणे, कोकमाच्या बिया वेगळ्या काढणे यांतून बोटांना काम मिळते. पडवीतील झोपाळा तोलाची जाणीव देतो, तर भाट्याच्या किनाऱ्यावरील ओली वाळू स्पर्शाची. मात्र कोणत्या मुलाला काय आणि किती, हे तज्ज्ञाने ठरवावे. वाळूची भीती वाटणाऱ्या मुलाला बळेच वाळूत उभे करणे म्हणजे त्याची भीती वाढवणे.

दाव्यांपासून सावध

या क्षेत्रात अतिरंजित आश्वासनेही दिली जातात. स्वमग्नता ‘पूर्ण बरी’ करण्याचा दावा कोणी करीत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. संवेदनांवर आधारित उपचारांचे पुरावे मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, अशी सूचना अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आपल्या सदस्यांना केली होती. ब्रिटनमध्ये स्वमग्नता असलेल्या १३८ मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या सेवेच्या तुलनेत या विशिष्ट पद्धतीचा ठळक लाभ दिसला नाही. याउलट, मुलाला जे काम यावयास हवे त्याच कामाचा पद्धतशीर सराव, तसेच पालकांना दिलेले मार्गदर्शन यांच्या बाजूने पुरावे अधिक भक्कम आहेत. त्यामुळे तज्ज्ञाची शासनमान्य नोंदणी पाहावी आणि ठरलेल्या मुदतीत प्रगती दिसते का, याचा हिशेब मागावा.

अंतराचा प्रश्न

मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यातील पालकांपुढे खरा प्रश्न अंतराचा आहे. व्यवसायोपचाराचे पदवी शिक्षण देणाऱ्या जुन्या संस्था मुंबईत केईएम, शीव व नायर रुग्णालयांत आणि नागपुरात आहेत. दर आठवड्याला दूरच्या शहरी जाणे म्हणजे दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही गमावणे. म्हणूनच महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तपासणी आणि मधल्या काळात आखून दिलेला घरचा कार्यक्रम हा मार्ग अनेक कुटुंबांना अधिक झेपणारा आहे.

पहिले दार गावातही उघडू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्या व सरकारी शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर पाठवण्याची तरतूद आहे. रत्नागिरीत ‘आविष्कार’ संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर विशेष मुलांसाठी कार्यरत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. यांपैकी पहिल्या तीन प्रकारांतील, तसेच बहुविकलांग व्यक्तींना राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू शकते आणि त्यात उपचारसत्रांचा खर्चही येतो.

वाट पाहू नये

नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे झाल्यावरही नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा वर्ष पूर्ण होण्याआधीच एकच हात वापरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आलेले कौशल्य नाहीसे होऊ लागले, तर मुळीच विलंब करू नये. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘मोठा झाला की येईल’ अशा समजुतींत ज्या वयात मेंदू सर्वाधिक शिकतो, ती वर्षेच निघून जातात. तपासणीत काही निघाले नाही, तर एका दिवसाची फेरी वाया जाईल. अडचण निघाली, तर शिकण्यासाठी मुलाच्या हाती काही वर्षे अधिक राहतील.